आई दाखवा, मगच पिल्लू घेऊ



मी माणसांचा डॉक्टर आहे, जनावरांचा नाही. तरीही आज मांजराच्या पिल्लांबद्दल लिहितो आहे, कारण पिल्लू चुकीच्या ठिकाणाहून घेतलं की त्याचे परिणाम पशुवैद्याकडे जातात तसेच माझ्याकडेही येतात. सात-आठ वर्षांचं मूल असतं. मानेवर किंवा दंडावर गोल, लालसर, कडेने उठलेला, खाजणारा चट्टा. "उष्णतेने झालंय," असं आई सांगते. मेडिकलमधून विचारून आणलेली ट्यूब लावून झालेली असते. मी विचारतो, "घरात नवीन मांजर आणलं आहे का?" मूल आईच्या आधी उत्तर देतं आणि पिल्लाचं नावही सांगून टाकतं.

मग माझे पुढचे प्रश्न ठरलेले असतात. कुठून आणलं? इन्स्टाग्रामवर बघितलं, साकीनाका मेट्रो स्टेशनखाली आणून दिलं. किती दिवसांचं होतं? दीड महिन्याचं म्हणाले. लस? दिली आहे म्हणाले. त्याची आई पाहिलीत का? इथे बहुतेक वेळा दोघंही गप्प होतात. तो प्रश्न कुणाच्या डोक्यातच आलेला नसतो.

म्हणून या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती सुरुवातीलाच सांगतो. विकणारा ज्या पिल्लाची आई दाखवत नाही, ते पिल्लू घेऊ नका. ते कितीही गोंडस असो, कितीही स्वस्त असो, मूल कितीही हट्ट करो. हा नियम एवढा कडक का, ते आता समजून घेऊ.

बाजार काय दाखवतो आणि काय लपवतो

पूर्वी मुंबईत पिल्लू घ्यायचं म्हणजे क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ला अशी ठिकाणं डोळ्यांसमोर यायची. तिथे निदान पिंजरा दिसायचा, वास यायचा, बाजूचं आजारी पिल्लू दिसायचं. आता हा व्यवहार मोबाईलवर आला आहे. फोटोत पांढरी चादर, त्यावर निळ्या डोळ्यांचं पिल्लू आणि खाली मजकूर: पर्शियन, डॉल फेस किंवा पंच फेस, ट्रिपल कोट, टॉयलेट ट्रेन्ड, होम डिलिव्हरी.

हे शब्द जरा नीट बघा. चेहरा कसा आहे ते सांगितलं आहे. केस किती आहेत ते सांगितलं आहे. घाण करणार नाही याचीही हमी आहे. म्हणजे सोफ्याच्या जाहिरातीत असावं ते सगळं आहे. पिल्लाचं वजन, लसीची तारीख, आईबापाची तपासणी, जन्म कुठे झाला, यातलं काहीच नाही.

"होम डिलिव्हरी" ही सोय तुमच्यासाठी असते असं वाटतं. ती विकणाऱ्यासाठी जास्त असते. तुम्ही त्याच्या घरी गेलात तर तिथली मांजरं दिसतील, किती आहेत ते कळेल, वास येईल. स्टेशनखाली पाच मिनिटांत व्यवहार झाला, फोनवरून पैसे गेले, तो गर्दीत निघून गेला. चार दिवसांनी पिल्लाला उलट्या सुरू झाल्या की तो नंबर बंद असतो, किंवा "तुम्ही खायला काय दिलं?" असा उलटा सवाल येतो.

न दाखवलेल्या आईचं काय चाललेलं असतं

मांजरीचं शरीर फार लवकर गाभण राहण्यासाठी बनलेलं आहे. गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. पिल्लं झाल्यावर काही आठवड्यांतच, अगदी ती अंगावर पीत असतानाही, ती पुन्हा माजावर येऊ शकते. मांजरीचा माज उजेडाच्या तासांवर ठरतो. थंड देशांत हिवाळ्यात दिवस लहान झाला की तो थांबतो आणि तिला विश्रांती मिळते. आपल्याकडे दिवस फारसा लहान होत नाही, आणि बंद खोलीत रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइट चालू असेल तर तिच्या शरीरासाठी वर्षभर हंगामच.

म्हणजे बोका सोबत ठेवला आणि कुणी थांबवलं नाही, तर एकाच मांजरीकडून वर्षात दोन-तीन वेतं काढता येतात. प्रत्येक वेतात तीन-चार पिल्लं धरा आणि पुढचा हिशोब तुम्हीच करा. विकणाऱ्यासाठी ती मांजरी म्हणजे मशीन. तिच्या हाडांतलं कॅल्शियम, रक्त, चरबी सगळं पिल्लांत जातं. पर्शियन जातीत डोकं मोठं आणि चपटं असल्यामुळे बाळंतपण अडण्याचा धोकाही जास्त. अडलेल्या मांजरीला वेळेवर सिझेरियनला नेण्याचा खर्च जो करत नाही, त्याच्याकडे ती मरते, आणि ग्राहकाला ते कधीच कळत नाही.

आईची ही अवस्था तुमच्या पिल्लापर्यंत येते. खंगलेल्या, जंतांनी भरलेल्या, लस न दिलेल्या आईचं दूध कमी असतं आणि त्या दुधातलं संरक्षणही कमी असतं. म्हणूनच "आई दाखवा" हा भावनेचा प्रश्न नाही. पिल्लाच्या तब्येतीची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरी तपासणी तीच आहे.

दीड महिन्याचं पिल्लू का नको

पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या चिकातून आईची प्रतिकारशक्ती मिळते. माणसाच्या बाळाचंही थोडंफार तसंच. ही उसनी शक्ती हळूहळू संपते, साधारण सहाव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत कधीतरी. गंमत अशी, की ती शिल्लक असेपर्यंत लस नीट लागू होत नाही, कारण आईकडून आलेली प्रतिद्रव्यं लसीलाच निकामी करतात. आणि ती संपली पण लस लागू झाली नाही, असा एक मधला काळ येतो, जेव्हा पिल्लू अगदी उघडं असतं. म्हणूनच मांजराची तीन रोगांची लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी, निदान सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत पुन्हा देतात. "एक लस झाली आहे" म्हणजे लसीकरण झालं असं नाही. रेबीजची लस वेगळी, ती बारा आठवड्यांनंतर.

आता नेमक्या या उघड्या काळात आपण काय करतो? दीड महिन्याच्या पिल्लाला आईपासून तोडतो, टोपलीत घालून रिक्षाने फिरवतो, नव्या घरात आणतो, नवं खाणं घालतो. त्यात जिथून ते आलं तिथे पॅनल्यूकोपेनिया असेल, तर संपलंच. हा मांजरांचा पार्व्हो. पिल्लाला ताप, उलट्या, जुलाब होतात, पांढऱ्या पेशी झपाट्याने घसरतात आणि लस नसलेली बहुतेक लहान पिल्लं काही दिवसांत जातात. हा विषाणू साध्या फिनाइलने मरत नाही आणि घरात वर्षभर टिकू शकतो. म्हणजे पिल्लू गेल्यावर मुलाची समजूत काढायला लगेच दुसरं आणलं, तर तेही त्याच लादीवर आजारी पडतं.

चांगला ब्रीडर पिल्लू बारा-तेरा आठवड्यांच्या आधी सोडत नाही. लसीचे दोन डोस होऊन जातात हे एक कारण. दुसरं म्हणजे दोन ते सात आठवडे हा पिल्लाचा शिकण्याचा काळ असतो. चावायचं किती, नखं आत कधी घ्यायची, माणसाला घाबरायचं की नाही, हे ते आई आणि भावंडांकडून शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू मोठेपणी जास्त चावरं आणि बुजरं होण्याची शक्यता असते. मग तीच माणसं म्हणतात, "हे मांजर फार तापट निघालं."

वयाबाबत फसवलं जात आहे का, हे घरच्या वजनकाट्यावरही ओळखता येतं. पिल्लू साधारण महिन्याला साडेचारशे ग्रॅम आणि दोन महिन्यांना आठशे-नऊशे ग्रॅम भरतं. "दोन महिन्यांचं आहे" म्हणून दिलेलं पिल्लू अर्धा किलोचं असेल, तर एकतर वय खोटं आहे किंवा ते उपाशी आणि आजारी आहे. दोन्हींत तोटा तुमचाच.

चेहरा जितका चपटा, तितका श्वास महाग

आता जातीबद्दल. ज्याला बाजारात "पंच फेस" म्हणून जास्त पैसे मागतात, ती खरं तर कवटीची विकृती आहे, माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवलेली. नाकपुड्या फटीसारख्या होतात, श्वास घोरत येतो, अश्रूंची नळी वाकडी झाल्यामुळे डोळे सतत गळतात आणि गालावर तपकिरी ओघळ पडतात. खालचा जबडा आणि दात जुळत नाहीत. मुंबईच्या मे महिन्यात, पत्र्याच्या पोटमाळ्यावर, दाट केसांच्या आणि अरुंद नाकाच्या या प्राण्याला कसं वाटत असेल याचा विचार करा. पर्शियन घ्यायचंच असेल, तर नाक बाहेर आलेला, नाकपुड्या मोकळ्या असलेला चेहरा निवडा. जास्त पैसे देऊन जास्त त्रास विकत घेऊ नका.

पर्शियनमधला दुसरा, न दिसणारा आजार म्हणजे किडनीतल्या गाठींचा, पीकेडी. आईबापांपैकी एकात जरी हा जनुकदोष असला, तरी सरासरी निम्म्या पिल्लांत तो उतरतो. गाठी जन्मापासूनच असतात, हळूहळू मोठ्या होतात आणि मांजर ऐन वयात असताना किडन्या निकामी होतात. अनेक देशांतल्या पाहण्यांत एकेकाळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त पर्शियन मांजरांत हा आजार सापडला होता. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा जनुकदोष शोधला. तेव्हापासून गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेऊन डीएनए तपासणी करता येते. आईबापाची एकदाच तपासणी केली, की पुढची सगळी वेतं सुरक्षित. जो ब्रीडर एवढं करत नाही, त्याला "मी जातिवंत पिल्लं विकतो" म्हणायचा अधिकार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मेन कूनमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो. त्याच्या एका जनुकदोषाची तपासणी २००५ पासून माहीत आहे आणि शिवाय आईबापाची इको करावी लागते. वरवर ठणठणीत दिसणारं मांजर या आजाराने अचानक दगावू शकतं.

आणि स्कॉटिश फोल्ड, ते दुमडलेल्या कानांचं, सिनेतारकांच्या फोटोंमुळे गाजलेलं मांजर. १९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर अशी पहिली मांजरी दिसली. तिचे कान दुमडले, कारण कूर्चा नीट तयार होत नाही. पण कूर्चा फक्त कानांत नसते, सांध्यांतही असते. दुमडलेल्या कानांच्या प्रत्येक मांजरात हा दोष असतोच, कमी किंवा जास्त. काहींची शेपटी ताठरते, पाय दुखतात, उडी मारणं बंद होतं. ब्रिटनमधल्या प्रमुख मांजर संस्थेने सत्तरच्या दशकातच या जातीची नोंदणी थांबवली आणि नेदरलँड्समध्ये तिच्या पैदाशीवर बंदी आहे. या जातीत "जबाबदार ब्रीडर" असूच शकत नाही. हे पिल्लू कुणाकडूनही घेऊ नका, एवढंच सांगेन.

तुमच्या घरातल्या माणसांचं काय

आता माझ्या विषयाकडे येतो.

*नायटा.* मांजरांकडून येणारी बुरशी मायक्रोस्पोरम कॅनिस. दाट केसांच्या मांजरात, विशेषतः पर्शियनमध्ये, ती बाहेरून काहीही न दिसता असू शकते. एकाच खोलीत वीस मांजरं कोंबली, की एकाकडून सगळ्यांकडे जाते. तिचे बीजाणू चादरीत, सोफ्यात, कंगव्यात महिनोन्महिने टिकतात. मुलाच्या डोक्यात झाली तर केस तुटून टक्कल पडल्यासारखा भाग दिसतो, आणि त्यावर मलम पुरत नाही, कित्येक आठवडे पोटातून औषध घ्यावं लागतं. कृपा करून मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावू नका. चार दिवस खाज थांबते, लाली जाते आणि बुरशी आतून पसरते. नंतर तिचं रूप इतकं बदलतं, की निदान करणंही कठीण जातं. मांजरावर आणि माणसावर एकाच वेळी उपचार झाले नाहीत, तर हा नायटा घरात फिरत राहतो.

*चावा आणि ओरखडा.* पिल्लू लहान आहे, घरातलं आहे, म्हणून रेबीज होणार नाही असं समजू नका. ते कुठून आलं आणि त्याच्या आईला काय चावलं, हे तुम्हाला माहीत नसतं. जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद किंवा चुना लावू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. महापालिकेच्या रुग्णालयांत ही लस मिळते. ओरखड्यानंतर काही दिवसांनी काखेत किंवा मानेत गाठ आली, तर मांजर घरी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

*गरोदरपण.* टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या भीतीने सासू-सासरे मांजर घराबाहेर काढायला सांगतात. तेवढी गरज नसते. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही हा संसर्ग होतो. मांजराच्या विष्ठेतला परजीवी संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून लिटरची पेटी रोज साफ करा, आणि हे काम गरोदर बाईने न करता घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करा.

*दमा आणि अॅलर्जी.* "या जातीने अॅलर्जी होत नाही" हे साफ खोटं आहे. अॅलर्जी केसांची नसते, मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनाची असते. ते प्रत्येक जातीत असतं. घरात दम्याचा पेशंट असेल, तर पिल्लू आणण्याआधी मांजर असलेल्या घरात त्याला काही वेळा बसवून बघा. हे आधी करा. मांजर आणल्यावर, पंपाचे डोस वाढल्यावर, मग मांजर रस्त्यावर सोडण्याची पाळी आणू नका.

कायदा आहे, पण तोकडा

पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे केंद्राचे नियम आहेत. त्यांनुसार राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय प्राणी विकता येत नाहीत, विक्रीच्या नोंदी ठेवाव्या लागतात, दूध न सुटलेली पिल्लं विकता येत नाहीत. दुकानाच्या व्याख्येत ऑनलाइन विक्रीही येते. म्हणजे "मी दुकानदार नाही, फक्त पेज चालवतो" ही पळवाट नियमांत नाही. ती फक्त प्रत्यक्षात आहे.

कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत. कुत्रीचं वय किती असावं, वर्षात किती वेतं, आयुष्यात किती, हे त्यांत लिहिलं आहे. मांजरींसाठी पैदाशीचे असे वेगळे नियम नाहीत. कुत्रीला वर्षात एकाच वेताची मर्यादा आणि मांजरीला कसलीच नाही, याचं समर्थन कुणी कसं करणार? आणि प्राण्यांशी क्रूरपणे वागण्याला १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी दंड किती? दहा ते पन्नास रुपये. साकीनाक्याच्या नाक्यावर तेवढ्यात दोन वडापाव येतात.

इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालचं कुत्र्याचं किंवा मांजराचं पिल्लू मधल्या दलालाला विकता येत नाही. ज्याने पैदास केली त्याच्याकडूनच, जन्मलेल्या जागी, आईसोबत बघून घ्यायचं. तिकडे तो कायदा आहे. आपल्याकडे तो होईपर्यंत हाच नियम ग्राहक म्हणून आपण स्वतः लावू शकतो. त्याला ना परवानगी लागते ना पैसे.

"पण डॉक्टर..."

*"आम्ही तर त्याला त्या पिंजऱ्यातून सोडवलं."* मन चांगलं आहे, पण हिशोब चुकला. विकणाऱ्याच्या वहीत "सोडवलं" असा रकाना नसतो. एक विकलं गेलं, जागा रिकामी झाली, म्हणून त्या मांजरीला पुन्हा बोक्यापाशी सोडलं. तुम्ही एक पिल्लू वाचवलं आणि पुढच्या वेताचे पैसे दिलेत. सोडवायचंच असेल तर तिथली परिस्थिती दिसेल असे फोटो, पत्ता आणि तारीख यांसह पोलिसांकडे आणि परळच्या बॉम्बे एसपीसीएकडे तक्रार करा.

*"चांगला ब्रीडर महाग असतो, आम्हाला परवडत नाही."* मग खरं ऐका. पिल्लाची किंमत हा मांजराच्या खर्चातला सगळ्यात छोटा भाग आहे. मांजर बारा-पंधरा वर्षं जगतं. खाणं, लिटर, लस, नसबंदी, आजारपण हे सगळं त्यापुढे आहे. स्वस्त पिल्लाला आठवडाभर सलाइन लावावं लागलं, तर वाचवलेले पैसे तिथेच जातात. आणि परवडत नसेल, तर गल्लीतलं देशी पिल्लू फुकट मिळतं. ते मुंबईच्या हवेला साजेसं असतं, त्याचं नाक मोकळं असतं.

*"त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे."* वंशावळीचा कागद आजोबा कोण ते सांगतो. आजोबांच्या किडनीचं काय झालं ते सांगत नाही. नोंदणी आणि तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद हवाच असेल, तर तपासणीचा मागा.

*"आमच्या ओळखीतल्या ताई घरातच करतात, एका खोलीत."* खोली लहान असणं हा दोष नाही, हे मी मुद्दाम लिहितो. खैरानी रोडच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन मांजरी असतील, त्या घरच्या माणसांसोबत झोपत असतील, वर्षाला एकच वेत होत असेल, कार्डावर लसी असतील, तर त्या ताई एसी लावलेल्या चकाचक दुकानापेक्षा चांगल्या ब्रीडर आहेत. तसंच, "हौस म्हणून करते" एवढ्याने कुणी जबाबदार होत नाही. त्यांनाही हेच प्रश्न विचारा, ओळख असली तरी.

*"मुळात विकतच का घ्यायचं?"* असं म्हणणाऱ्या प्राणिमित्रांशी माझं भांडण नाही. शहरात इतकी पिल्लं घराच्या शोधात असताना माझाही पहिला सल्ला दत्तक घ्या हाच आहे. टाकून दिलेली मोठी पर्शियन मांजरंही सोडवणाऱ्या संस्थांकडे येत असतात. पण ज्यांचं ठरलं आहे त्यांना "घेऊच नका" एवढंच सांगून आपण गप्प बसलो, तर ते स्टेशनखालून घेतात. म्हणून हा लेख.

जाण्याआधी आणि गेल्यावर काय बघायचं

फोनवर विचारा:

१. घरी येऊन आई बघता येईल का? नाही म्हटलं, किंवा "आई गावी आहे", "आई दुसऱ्या फार्मवर आहे" असं उत्तर आलं, तर फोन ठेवा.
२. पिल्लू किती आठवड्यांचं झाल्यावर देता? बारापेक्षा कमी असेल तर थांबा. ते थांबायला तयार नसतील तर दुसरीकडे जा.
३. आईचं हे कितवं वेत? आधीचं कधी झालं? वेतं बंद केलेल्या मांजरी आता कुठे आहेत? चांगल्या ब्रीडरकडे त्या नसबंदी करून घरातच असतात.
४. आईबापाची पीकेडी किंवा हृदयाची तपासणी झाली आहे का? रिपोर्ट दाखवाल का?
५. आम्हाला ठेवणं जमलं नाही तर परत घ्याल का? लेखी द्याल का?

तिथे गेल्यावर बघा:

- दार उघडताच लघवीचा डोळे चुरचुरणारा वास येतो का.
- आईच्या बरगड्या हाताला लागतात का, केस झडलेत का, ती घरच्यांजवळ निर्धास्त जाते का. दाखवलेली मांजरी खरंच आई आहे का? पिल्लं तिच्यापाशी जातात का, तिचे सड भरलेले किंवा नुकते ओढलेले दिसतात का.
- पिल्लाचे डोळे चिपडलेले, नाक वाहतं, कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ, अंगावर केस गेलेले गोल भाग, खालून माखलेली शेपटी. यांतलं एकही असेल तर घेऊ नका. बाकीची भावंडंही बघा. एक आजारी असेल, तर सगळी त्याच भांड्यात खातात हे लक्षात घ्या.
- लसीचं कार्ड बघा. त्यावर लसीच्या बाटलीचा स्टिकर, तारीख, पशुवैद्याचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. पेनाने लिहिलेलं "व्हॅक्सिन डन" म्हणजे लस नव्हे.

एक खूण सगळ्यात भरवशाची आहे. चांगला ब्रीडर तुम्हालाच प्रश्न विचारतो. घर भाड्याचं आहे का, खिडक्यांना जाळी आहे का, दिवसभर घरी कोण असतं, गावी गेल्यावर मांजर कुठे ठेवाल. राग मानू नका. ज्याला पिल्लाची काळजी आहे तोच हे विचारतो. ज्याला फक्त पैशांची घाई आहे तो विचारतो, "टोकन कधी पाठवताय?"

पिल्लू आणल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत पशुवैद्याला दाखवा. घरात आधीचं मांजर असेल, तर दोन आठवडे वेगळं ठेवा. केसांत शंका वाटली तर बुरशीची तपासणी करून घ्या. आणि योग्य वयात नसबंदी करा. "एकदा तरी पिल्लं होऊ दे" या हौसेतूनच पुढचा बेजबाबदार ब्रीडर तयार होतो.

मुलाच्या वाढदिवसाला अजून पंधरा दिवस आहेत आणि ब्रीडर म्हणतो दोन महिने थांबा? थांबा. मुलाला सांगा, पिल्लू अजून आईचं दूध पितं आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे कारण लगेच पटतं. मोठ्यांनाच ते पटवायला एवढा लेख लागतो.